पादत्राणे बाहेर काढावीत

आमच्या कॉलनीत माणसाला चालायला जागा उरलेली नाही. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "काय करायचं बाई, शहर वाढतंय." तसं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शहर आपोआप वाढतं होय? ते काय गवत आहे? माणसं जमीन विकतात, माणसं घेतात, माणसं त्यावर मजले चढवतात, आणि वर तोंड करून तीच माणसं सांगतात, शहर वाढतंय.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. वर्गातली साठ-साठ पोरं गप्प बसवता बसवता माझा आवाज असा काही तयार झाला की आमचे हे म्हणायचे, "तुझ्या एका हाकंला हातकणंगल्याच्या स्टेशनातली गाडी थांबंल." हे म्हणजे माझे यजमान. फौंड्रीत साचे करायचे, आणि शेवटची काही वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत होते. नाव पंचतारांकित, पण भट्टीची धग तीच. आता ते एवढं लांब वाक्य बोलत नाहीत. त्याकडं येतेच.

प्लॉट घेतला तेव्हा चारी बाजूंनी ऊस होता. मोजून अकरा घरं, आणि रस्ता म्हणजे खडी टाकलेली चाकोरी. पण मी जुन्या दिवसांच्या नावानं गळा काढणाऱ्यातली नाही. तो ऊस मोडूनच आमचं घर झालंय. ज्यांची ती शेतजमीन, त्यांच्या घरची म्हातारी आमच्या वास्तुशांतीला जेवायला आली होती. हात धुताना म्हणाली, "तुमच्या मोरीखाली माझी हीर हुती." मी तिला चार पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि विषय मिटवला. दुसऱ्याची जागा गिळताना माणूस किती सहज पोळ्या बांधून देतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग लोक यायला लागले. आजऱ्याकडचे, गडहिंग्लजकडचे, एमआयडीसीत कामाला लागलेले, मुलांच्या शाळेसाठी गाव सोडलेले. एका प्लॉटवर दोन भाऊ, मधे भिंत. भिंतीच्या पलीकडं पुन्हा दोन मुलगे, पुन्हा भिंत. शेजारचा बंगला पाडला आणि तिथं पाच मजली अपार्टमेंट उभं राहिलं. बंगल्यात चार माणसं राहायची, आता जिन्यातल्या चपला मोजायच्या म्हटलं तर संध्याकाळ होईल. प्रत्येक घरात दोन टू-व्हीलर, एक चारचाकी, आणि पार्किंगच्या जागेत कुणीतरी शटर लावून दुकान काढलेलं. म्हणजे गाड्या कुठं? रस्त्यावर. आणि माणसं कुठं? गाड्यांच्या मधनं, अंग चोरून. ही माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण दर सकाळी माझ्या फाटकाला कुणाची तरी बुलेट टेकलेली असते, आणि मी हॉर्न वाजवला की वरच्या गॅलरीतनं ब्रश तोंडात धरून एकजण विचारतो, "काकू, काय झालं?" काय झालं म्हणे! डोंबल झालं.

या सगळ्यात एक तुकडा शिल्लक होता. कॉलनीचा नकाशा मंजूर करताना मधोमध मोकळी जागा सोडावी लागते, तशी आमच्याकडं होती. नकाशावर हिरव्या रेघा मारलेल्या. आम्ही सगळे तिला 'ओपन स्पेस' म्हणायचो. तिथं एक उंबर, दोन कडुलिंब, एक जांभूळ आणि बाकी नुसती माती. पोरं क्रिकेट खेळायची, बायका शेवया-कुरडया वाळत घालायच्या. हे पाळी संपवून आले की घरात पाऊल टाकायच्या आधी चपला हातात घेऊन त्या मातीवर अनवाणी दहा फेऱ्या मारायचे. म्हणायचे, "दिवसभराची धग हितं उतरती." एका उन्हाळ्यात त्यांनीच उंबराभोवती आळं खणून दगडांचा गोल रचला होता, कुणी न सांगता.

अशा जागेवर कुणाचा डोळा पडणार नाही? आधी कुणीतरी विटा आणून टाकल्या. मग एक बंद पडलेला टेम्पो येऊन उभा राहिला, तो हलेचना. मग कानावर आलं की कुणीतरी तिथं शेड मारणार आहे, वरपर्यंत सगळं बोलणं झालंय. आम्ही महापालिकेत अर्ज दिला. तिथल्या माणसानं तो दोन बोटांत धरला आणि "बघूया" म्हणाला. त्याचा अर्थ कोल्हापुरात शाळकरी पोरालाही कळतो.

मग त्या उंबराखालीच सतरंज्या टाकून बैठक झाली. कुणी म्हणालं कंपाउंड घाला, कुणी म्हणालं कोर्टात जा. तास झाला तरी नुसता कालवा. आणि मग मी उभी राहिले. माझ्या त्याच आवाजात मी म्हणाले, "सरळ देव बसवा की. उंबर आहेच, वाडीहून पादुका आणा आणि बसवा. देवाच्या जागेला हात लावायची कुणाच्या बापाची टाप आहे?"

टाळ्या पडल्या. अहो, खरंच टाळ्या पडल्या. आमच्या भागात हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय आहे. भिंतीवर कुणी घाण करू नये म्हणून देवाची टाइल लावायची, आणि जागा कुणी हडपू नये म्हणून देवच बसवायचा. दत्ताच्या नरसोबावाडीला दर पौर्णिमेला जाणारी निम्मी कॉलनी, त्यामुळं कुणाचं दुमत होणार नव्हतं.

एक बाई मात्र उठल्या. समोरच्या घरातल्या, पाटबंधारे खात्यात नोकरीला होत्या. कॉलनीतलं ते एकच बौद्ध कुटुंब. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, आज टेम्पोपासनं जागा वाचंल. पण एकदा देवाची झाली की ती आपली राहणार न्हाय. जाळी मारूया, झाडं लावूया, आणि माती तशीच ठेवूया. मी तार आणायचं बघते."

मी त्यांना काय म्हणाले ते लिहायला आजही लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "ताई, तुमचं वेगळं असतंय. आमच्या देवाचं आमाला बघू दे." चार बायका फिसकन हसल्या. त्या खाली बसल्या आणि पुढच्या कुठल्याच बैठकीला आल्या नाहीत. आपण भारी बोललो, असं मला वाटलं होतं.

पादुका आल्या. कट्टा झाला. ह्यांनी रचलेले दगड काढून तिथं संगमरवर बसवला. टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला, विटा चौथ्या दिवशी. "बघा!" म्हणून मी कॉलनीभर मिरवले. मंदिराला पाट्या हव्या होत्या, तर त्या कोण रंगवणार? चित्रकलेच्या बाई! पत्र्याच्या चार पाट्या मी घरी आणल्या, आमच्या पॅसेजमध्ये मांडी घालून बसले आणि पांढऱ्यावर निळ्या रंगानं एकेक अक्षर काढलं. 'वाहने लावू नयेत.' 'फुले तोडू नयेत.' 'शांतता राखा.' 'पादत्राणे बाहेर काढावीत.' हे कामावरून आले की माझ्या मागं उभं राहून बघायचे आणि दरवेळी एकच बोलायचे, "अक्षर लई चांगलं हाय तुझं."

पुढचं सांगायला मोठी अक्कल लागत नाही. पावसात भक्तांची अडचण होते म्हणून पत्र्याची शेड आली. चिखल होतो म्हणून सगळ्या मातीवर पेव्हिंग ब्लॉक आले. कुत्री येतात म्हणून कंपाउंड आलं, आणि कंपाउंड आहे म्हणून फाटक. जांभळं पडून फरशीवर डाग पडतात, म्हणून जांभूळ गेलं. शेड वाढवायची म्हणून दोन्ही कडुलिंब गेले. उंबराला देवाचं झाड म्हणून सोडलं, तर त्याच्या बुंध्याला गळ्यापर्यंत फरशी ठोकली. आता ते बापडं पत्र्याच्या भोकातनं मान वर काढून कसंबसं उभं आहे. मग मागच्या बाजूला हॉल झाला. बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणं. लोकांच्या घरात दहा माणसं बसायला जागा नाही, तर कार्य करायचं कुठं? खरं आहे, पटलं मला. प्रत्येक बैठकीत मला पटलं, आणि प्रत्येक वेळी मी हात वर केला.

मग मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातनं घरी आलो तेव्हा सांगली-कोल्हापूर रस्त्यानं पार वाडीपर्यंत पायी जाणारा हा माणूस पलंगाच्या काठावर बसताना माझा पदर घट्ट धरायचा. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येऊ लागली. गोड पोरगी, पण शब्दाला कडक. तिनं पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बाई, पहिलं वर्ष महत्त्वाचं. जे परत येणार त्यातलं बरंचसं ह्याच वर्षात येतं. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालवायचं, सपाट जागेवर. मध्ये थांबवायला लागणार नाही अशा जागेवर."

उजव्या पायाला तिनं एक प्लास्टिकची पट्टी करवून आणली. ती पोटरीपासून तळव्याखाली जाते आणि बुटात घट्ट बसते. बूट काढला की पट्टी निघते, आणि पट्टी निघाली की पंजा लोंबतो, बोटं घासत जातात आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणजे बुटाशिवाय चालणं बंद. वाचेसाठी तिनं दुसरा व्यायाम दिला, वाटेत दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची.

आता चालवा कुठं? घरातल्या हॉलमध्ये बारा पावलं, मग सोफा. गच्चीवर जायचं तर बावीस पायऱ्या. गल्लीत निघालो तर दोन पावलं झाली की मोपेड, वळसा घातला की कुणाची तरी मोटार, तिला वळसा घातला की समोरनं डिलिव्हरीवाला. हे थांबले की पुन्हा सुरू व्हायला त्यांना मिनिट लागतं. एकदा एका स्कूटरचा आरसा कोपराला लागला आणि ते भिंतीला धरून थरथरत उभे राहिले. स्कूटरवाला मलाच म्हणाला, "मावशी, घरात ठेवा की त्यास्नी." मी त्याची किल्ली काढून घेतली आणि गटारात टाकली. झाला तमाशा, होऊ दे.

रिक्षानं रंकाळ्यावर नेलं. तिथं पहाटेपासून असा घोळका चालतो की आमच्या चालीचा माणूस म्हणजे रस्त्यातला दगड. मागनं येणारे "जरा साईड" म्हणत घासून जायचे. तिसऱ्या दिवशी हे रिक्षात बसायला तयार होईनात. "न्हाय," एवढंच म्हणाले. त्या वेळी त्यांना तीनच शब्द येत होते. न्हाय, व्हय आणि माझं नाव.

वर्षातले सात महिने गेले होते. ती मुलगी दर आठवड्याला पाय वाकवून बघायची आणि वहीत तेच ते आकडे लिहायची. ते आकडे मला झोपू द्यायचे नाहीत. मग एक दिवस डोक्यात आलं, अगं खुळे, कॉलनीच्या मधोमध एवढी मोठी सपाट जागा पडलीय, ना गाडी ना घोडं. आणि ती वाचवली कुणी? आपणच की!

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना घेऊन गेले. फाटक उघडं होतं. हे जागा ओळखून चक्क हसले, डाव्या हातानं उंबराकडं बोट केलं. आम्ही आत सहा पावलं टाकली असतील. तेवढ्यात हॉलच्या बाजूनं नवीन पुजारी आला. पोरगेलाच, बाहेरगावचा, महिन्यापूर्वी ठेवलेला. हात वर करून ह्यांना म्हणाला, "ओ पावणं! पायताण भायेर!"

पावणं! ज्यानं त्या झाडाला आळं केलं, तो पाहुणा! माझं टाळकंच फिरलं. मी त्याला काय काय बोलले ते देवानं ऐकलं असेल तर माफ करो. बिचारं पोरगं घाबरलं आणि मंदिर समितीच्या अध्यक्षांना बोलावून आणलं. अध्यक्ष म्हणजे आमच्याच लायनीतले, बँकेतनं निवृत्त झालेले, त्या पहिल्या अकरा घरांतले.

"बाई, शांत व्हा," ते म्हणाले. "देवाच्या दारात नियम सगळ्यांना सारखा."

"बूट काढला की ते पडतात, साहेब. आजाऱ्याचा बूट हाय तो."

"मग आत बाकावर बसवा की त्यांना. पुजारी आणून बसवतील. प्रसाद घरी पाठवतो रोज."

"त्यांना बसायचं नाही, चालायचंय! पाच महिने उरलेत. नुसतं ह्या कडेनं, पादुकांपासनं लांब, त्या कंपाउंडलगत. अर्धा तास."

अध्यक्ष समजूतदारपणे हसले. हे समजूतदार हसणं म्हणजे माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात पहिली गोष्ट. "तुमचं खरं हाय, बाई. पण एकाला सोडलं की उद्या पन्नास येतील. कॉलनी आता पहिली राहिली हाय का? माणसं किती वाढली बघा. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी आजारी हाय. सगळे बूट घालून फिरायला लागले तर देवाचं पावित्र्य काय राहिलं?"

माणसं किती वाढली बघा. वीस वर्षं हेच मी सगळ्यांना ऐकवत आले होते.

"पादुकांना संगमरवर, आणि जित्या माणसाच्या बुटाला फाटकाबाहेर जागा!" मी ओरडले. "अहो, त्या पादुका म्हणजे तरी काय हो? चालणाऱ्याच्या पायातलंच ना ते?"

हॉलमध्ये कुणाचं तरी बारसं होतं. बायका पाळणा सजवायचा सोडून दारात येऊन बघायला लागल्या. निम्म्यांना मी ओळखत नव्हते आणि त्याही मला ओळखत नव्हत्या. एका जणीनं मोबाईल काढला. ह्यांनी माझा पदर ओढला. "न्हाय," म्हणाले. आम्ही बाहेर आलो.

फाटकाबाहेर समोरच्या त्या ताई उभ्या होत्या. आवाज ऐकून आल्या असणार; माझा आवाज काय, गडहिंग्लजपर्यंत जातो. मला वाटलं, आता ह्या म्हणणार, मी सांगितलं होतं की. हक्कच होता त्यांचा. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी ह्यांचा डावा दंड धरला, मी उजवा, आणि गाड्यांच्या मधनं आम्ही तिघं घरापर्यंत आलो. दारात मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी..." त्या म्हणाल्या, "आधी त्यास्नी बसवा, बाई. पाय थरथरतोय." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी जेवले नाही. शेवटी माळ्यावरचा पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा काढला, जुना दोन इंची ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून मऊ केला आणि दोन्ही कापडी पिशवीत घातले. ठरवलं, सकाळी फाटकावरची ती पाटीच पुसून टाकायची. पाटी नाही तर नियम कुठला? मग बघू कोण अडवतंय ते. रंग माझा, हात माझा. पोलिसात जायचं असेल त्यानं जावं!

सकाळी निघाले, तर हे बूट घालून दारात उभे. त्यांना घरी ठेवायचं होतं, पण मान हलवून म्हणाले, "व्हय." म्हणजे येणारच. गेलो हळूहळू. वाटेत नेहमीसारख्या पाट्या वाचणं चाललं होतं. 'किराणा'चं 'कि... कि...' होऊन तिथंच थांबलं. 'झेरॉक्स' तर त्यांना कधीच जमलं नव्हतं. सात महिन्यांत एकाही पाटीवरचे दोन शब्द सलग आले नव्हते.

फाटकाशी पोचलो. बाहेर चपलांचा ढीग होता, आत आरती चालू होती. मी पिशवीत हात घातला आणि डब्याचं झाकण चाचपलं. हे पाटीसमोर जाऊन थांबले, डाव्या हातानं फाटक धरलं. आणि वाचायला लागले.

"पा... पाद... पादत्राणे," ते म्हणाले. थांबले. "पादत्राणे... बाहेर... काढावीत."

सबंध. एकही अक्षर न चुकता. त्या मुलीनं ऐकलं असतं तर नाचली असती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मला कळेना की हसू का कपाळ बडवून घेऊ. हे अजून पाटीकडंच बघत होते. रंग थोडा उडालाय, पण 'त्रा' अजून ठसठशीत आहे. मी त्याला नेहमी जरा जास्त वळण देते. त्यांनी वाकडं झालेलं बोट कष्टानं उचलून त्या 'त्रा'वर टेकवलं आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"अक्षर..." ते म्हणाले. "तुझं."

"व्हय," मी म्हणाले. "माझंच हाय."

"लई... चांगलं हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी पायातल्या बुटाकडं बघितलं, फाटक सोडलं आणि स्वतःच घराच्या दिशेला वळले. मी डब्यावरचा हात काढला आणि दोन मोटारींच्या मधल्या फटीतनं ते पडू नयेत म्हणून त्यांच्या मागं मागं चालत राहिले.